भाचा दुसऱ्यांदा गांजासोबत सापडला, तेव्हा मोफत मिळालेल्या वकील मॅडमची सेवा कशी होती

आधीच सांगतो, मुलाचं नाव, शाळा, गाव, मॅडमचं नाव यातलं काहीच लिहिणार नाही आणि प्लीज विचारू पण नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काही बाहेर सांगता येत नाही, आणि कायद्यात नसतं तरी मी सांगितलं नसतं. पण अनुभव लिहितोय, कारण त्या रात्री मी स्वतः मोबाईलवर दोन तास शोधत बसलो होतो की "दुसऱ्यांदा पकडला तर काय होतं" आणि जे मिळालं ते एकतर सगळं वीस वर्षं जेलवालं घाबरवणारं किंवा मग "काही होत नाही, लहान आहे" असलं. दोन्ही खरं नाहीये. रेटिंग विचाराल तर पाचपैकी चार, एक का कापला ते पुढे येईलच.

तर झालं असं की माझ्या ताईचा मुलगा, अठराच्या आतला, पहिल्यांदा साधारण वर्षभरापूर्वी सापडला होता, खिशात एक छोटी पुडी आणि रोलिंग पेपर. तेव्हा ओळखीतून एक खाजगी वकील केले. त्यांनी बाल न्याय मंडळासमोर (अठराच्या आतल्या मुलांची प्रकरणं जिथे चालतात) उभं राहून प्रकरण मिटवलं, मंडळाने समज देऊन सोडलं, आम्ही सगळे सुटलो बाबा म्हणून घरी आलो. ऑर्डर कुणीच वाचली नाही. वकील म्हणाले फाईल बंद झाली आता विषय काढू नका, आणि आम्ही खरंच विषय काढला नाही, ताईने तर घरात त्या शब्दाचा उच्चार पण बंद केला. आता वाटतं की सगळ्यात मोठी चूक तीच झाली.

दुसऱ्यांदा सापडला तेव्हा सोबत मित्र होता आणि तो मित्र अठरा पूर्ण करून जेमतेम काही महिने झालेला. दोघांनी पैसे एकत्र करून घेतलेला माल, वजन काही ग्रॅम. ताईचा रात्री फोन आला, मी पोचलो तोवर तिचा बीपी वाढलेला, आधीच्या वकिलांना फोन लावला तर ते म्हणाले आता दुसरी वेळ आहे, एनडीपीएस (अंमली पदार्थांचा कायदा) आहे, जामीन अवघड आहे, खर्च वाढेल, "वरपर्यंत" बोलावं लागेल. मला ते वरपर्यंत काय ते अजून कळलेलं नाही. सकाळी एका शिक्षिका मैत्रिणीने सांगितलं की १५१०० ला फोन कर, विधी सेवेची हेल्पलाईन आहे, मुलांना वकील फुकट मिळतो. मला वाटलं गरिबांसाठी असेल, उत्पन्नाचा दाखला वगैरे लागेल. तर नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये बायका आणि मुलं यांना उत्पन्नाची अटच नाहीये. ही एवढी साधी गोष्ट आम्हाला पहिल्या वेळी कुणीच सांगितली नव्हती.

मॅडम मंडळाच्या आवारातच भेटल्या. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो "किती ग्रॅम" नाही, "मागची ऑर्डर कुठाय?" हा. आमच्याकडे नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे नक्कल मिळवायचा अर्ज लिहिला आणि ताईची सही घेतली, आणि मला स्पष्ट सांगितलं की दुसरी वेळ, दुसरी वेळ म्हणून घाबरताय पण दुसऱ्या वेळी काय होणार हे पहिल्या वेळी कागदावर काय उरलंय त्यावर ठरतं. मला तेव्हा ते नीट समजलं नाही. संध्याकाळी ऑर्डर हातात आली तेव्हा समजलं. त्यात समज देण्याबरोबर ग्रुप काऊन्सेलिंगची सहा सत्रं लिहिलेली होती! पोरगा एकाला गेला होता. पाच सत्रं राहिलेली, वकिलांनी सांगितलं जायची गरज नाही म्हणून. म्हणजे मंडळाच्या दृष्टीने हा फक्त पुन्हा सापडलेला मुलगा नव्हता, ऑर्डर न पाळलेला मुलगा होता.

आता कायद्याचं जे मॅडमनी समजावलं ते माझ्या भाषेत लिहितो, कारण त्यांनी ते तीन वेळा समजावलं आणि तिसऱ्या वेळी मी वहीत उतरवून घेतलं.

गांजाचा कायदा म्हणजे एनडीपीएस, १९८५ चा. त्यात सगळं वजनावर आहे. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर ती "अल्प मात्रा", त्याला जास्तीत जास्त एक वर्ष सक्तमजुरी किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेलं की "व्यावसायिक मात्रा", तिथे किमान दहा वर्षं आणि वीसपर्यंत. मधलं जे आहे त्याला दहा वर्षांपर्यंत. चरसचं माप वेगळं आहे हे लक्षात ठेवा, तिथे शंभर ग्रॅमलाच अल्प मात्रा संपते आणि एक किलोच्या वर व्यावसायिक सुरू होते, पोरं दोन्ही एकच समजतात. नुसतं ओढल्याचं कलम २७ वेगळं, गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही.

आणि ज्या "दुसऱ्या वेळे"ला आम्ही घाबरलो होतो ते कलम ३१. आधी शिक्षा झालेली असताना परत तसाच गुन्हा केला तर कमाल शिक्षा दीडपट, म्हणजे अल्प मात्रेला एक वर्षाचं दीड वर्ष, दंड दहाचा पंधरा हजार. पण मॅडमनी बोट ठेवलं ते "शिक्षा झालेली असताना" या शब्दांवर. आधी पकडला गेला होता किंवा आधी केस झाली होती एवढ्यावर ते कलम लागत नाही, आधी दोषसिद्धी पाहिजे. आणि अठराच्या आतल्या मुलाबाबत बाल न्याय कायदा २०१५ चं कलम २४ म्हणतं की मंडळाने त्याचं प्रकरण हाताळलं म्हणून दोषसिद्धीमुळे येणारी कुठलीही अपात्रता त्याला चिकटत नाही, रेकॉर्ड पण ठराविक मुदतीनंतर नष्ट करायचं. अपवाद सोळा ते अठरामधल्या मुलाला प्रौढासारखं चालवलं गेलं तर, पण तो रस्ता फक्त अतिगंभीर गुन्ह्याला आहे, म्हणजे ज्याला कायद्यात किमानच सात वर्षं शिक्षा आहे. गांजात ते फक्त व्यावसायिक मात्रेला बसतं. काही ग्रॅमवाल्या पोराला दुसऱ्यांदा काय, तिसऱ्यांदा सापडला तरी त्या दाराने नेता येत नाही. कमाल तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले गुन्हे बाल न्याय कायद्यात किरकोळ धरले जातात आणि दीडपट केली तरी हे दीड वर्षच होतं. हे ऐकून ताई पहिल्यांदा नीट बसली.

पण मग दुसऱ्या वेळेचा फरक पडतो कुठे? जामिनात. इथेच मला मॅडमचं काम खरं दिसलं.

बाल न्याय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन द्यायचाच, गुन्हा जामीनपात्र असो नसो, दुसऱ्या कुठल्या कायद्यात काहीही लिहिलेलं असो. नाकारायचा तर तीनच कारणं: सोडलं तर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. आता विचार करा, त्याच मित्रासोबत, त्याच कट्ट्यावर, वर्षभरात दुसऱ्यांदा, आणि काऊन्सेलिंग अर्धवट. समोरच्याला पहिलं आणि दुसरं कारण म्हणायला किती सोपं. मॅडमनी आम्हाला आदल्या दिवशीच विचारलं की याला दुसरीकडे कुठे ठेवता येईल का. मी हो म्हणालो, बायकोला न विचारता म्हणालो (ती नंतर स्वतः त्याची खोली लावून बसली होती). मग माझं हमीपत्र, माझ्या घराचा पत्ता, शाळेत जायची सोय, त्या ग्रुपपासून लांब ठेवायची लेखी हमी, असं सगळं घेऊन त्या उभ्या राहिल्या. आणि राहिलेल्या पाच सत्रांचं त्यांनी लपवलं नाही. स्वतःच मंडळाला सांगितलं की मागची ऑर्डर पाळली गेली नाही, घरच्यांना चुकीचा सल्ला मिळाला होता, आता परत सुरू करतोय, तारीख ठरलीय. मला वाटलं होतं हे कशाला बोलतायत! पण परिविक्षा अधिकाऱ्यांच्या (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासणी अहवालात ते तसंही येणारच होतं, आणि तेव्हा ते लपवल्यासारखं दिसलं असतं. निरीक्षण गृहात एक रात्र राहून पोरगा माझ्या घरी आला.

पोलिसांबद्दल एक दोन गोष्टी, कारण त्या रात्री हे माहीत असतं तर बरं झालं असतं. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचंच नाही, चोवीस तासात मंडळासमोर न्यायचं, बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो त्याच्याकडे द्यायचं, बेड्या नाहीत. किरकोळ गुन्ह्यात मुलावर एरवी एफआयआर पण करायचा नसतो, स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, बस. पण सोबत सज्ञान आरोपी असेल तर एफआयआर होतो आणि आमच्याकडे म्हणून झाला. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा जन्मतारखेचा दाखला आधी बघतात, तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला. आधार कार्ड घेऊन धावलो होतो मी, मॅडमनी परत पाठवलं दाखला आणायला.

पंचनाम्यावर मॅडमची नजर चांगली आहे. आमच्या पंचनाम्यात बिया, काड्या, पानं सगळं एकत्र वजन केलेलं. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे, नुसती पानं आणि बिया शेंड्यांशिवाय असतील तर तो गांजा धरत नाहीत. मॅडमनी ते टिपून ठेवलं, पण आम्हाला खोटी आशा नाही दाखवली, म्हणाल्या शेंडे सोबत आहेत असं सीए रिपोर्टमध्ये (प्रयोगशाळेतल्या रासायनिक तपासणीचा अहवाल) आलं तर हा मुद्दा गेला. रिपोर्टमध्ये तसंच आलं आणि मुद्दा गेला. आधीच्या वकिलांनी हाच मुद्दा धरून केस "उडवून देतो" असं सांगितलं असतं याची मला खात्री आहे.

आता ज्या दिवशी ताई आणि मॅडमचं जोरात वाजलं तो दिवस. ताईला वाटत होतं की सगळं त्या मित्रावर टाकावं, त्यानेच दिला, माझा मुलगा लहान आहे, त्याला काय कळतं. आईचं मन आहे, मी तिला दोष देत नाही. पण मॅडमनी शांतपणे बाल न्याय कायद्याचं कलम ७७ सांगितलं: मुलाला अंमली पदार्थ दिला तर देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ज्या पोराने वर्गणी काढून माल घेतला त्याच्यावर तुम्ही सात वर्षांचं कलम घालायला निघालाय आणि तेही जे खरं नाही ते बोलून, आणि तुमच्या मुलाला ते बोलायला लावणार आहात. मी हे करणार नाही, हवं तर वकील बदलून घ्या, अर्ज मी लिहून देते. ताई रडली. पोरगा तिथेच बसला होता, तो म्हणाला पैसे अर्धे माझे होते. त्या वाक्यानंतर मला वाटतं आमच्या घरात काहीतरी सरळ झालं, मला नीट सांगता येत नाही पण झालं.

व्यसनमुक्तीचं पण असंच. आधीच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं कुठूनतरी सर्टिफिकेट आणा चालतं. मॅडमनी सांगितलं की एनडीपीएसचं कलम ६४ ए आहे, व्यसनात अडकलेला माणूस स्वतःहून उपचार घेत असेल तर अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, पण उपचार सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी हवेत आणि पूर्ण करायला हवेत, मधेच सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. त्यामुळे केंद्र मान्यताप्राप्त आहे का ते आधी विचारा, भिंतीवरची पाटी बघून जाऊ नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, आम्ही तिथूनच जवळचं केंद्र काढलं. डॉक्टरांनी त्याला भरती करायची गरज नाही म्हटलं, ओपीडीवर ठेवलं, आणि हळूहळू हे बाहेर आलं की त्याला रात्री झोपच लागत नव्हती, दोन वर्षांपासून. दोन वर्षं! आम्ही फाईल बंद झाली म्हणून बसलो होतो.

ताईच्या डोक्यात आणखी एक आलं होतं, कुणीतरी सांगितलं की किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यात आणि वाढवून दिलेल्या आणखी दोन महिन्यातही संपली नाही तर प्रकरण आपोआप संपतं. हे खरं आहे, बाल न्याय कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. सीए रिपोर्टला उशीर होत होता त्यामुळे तसं होण्याची शक्यता पण होती. मॅडम म्हणाल्या मी मुद्दाम तारखा लांबवणार नाही पण मुदत संपली तर तो मुद्दा नक्की मांडेन, तो मुलाचा हक्क आहे, मात्र सत्रं आणि ओपीडी थांबवायची नाही. शेवटी मुदतीच्या आतच ऑर्डर झाली. वर्षभर घरच्यांच्या देखरेखीखाली चांगल्या वर्तणुकीवर, परिविक्षा अधिकाऱ्यांकडे दर महिन्याला हजेरी, काऊन्सेलिंग, व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पूर्ण करायचा, आणि काही तास समाजसेवा. कायद्यात विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवायची पण तरतूद आहे, दुसरी वेळ असल्यामुळे ती भीती आम्हाला शेवटपर्यंत होती. यावेळी ऑर्डर मी स्वतः तीनदा वाचली आणि तारखा कॅलेंडरवर लिहिल्या.

नोकरी, पोलीस व्हेरिफिकेशन याचं पण विचारून घेतलं. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी मुलाचं ते रेकॉर्ड उघड करायचं नाही, हे पण कलम ७४ मध्येच आहे. शाळेत कुजबुज झाली त्याला मात्र कुठलं कलम नाही, ते आम्ही सोसलं.

आता तो एक तारा. मॅडम फोन उचलत नाहीत. म्हणजे उचलतात, पण संध्याकाळी सातनंतर, आणि तोपर्यंत माणसाचा जीव टांगणीला. एका तारखेला त्या आल्याच नाहीत, दुसऱ्या पॅनेल वकिलांना पाठवलं, त्यांनी फाईल उघडलेली नव्हती आणि मुलाचं वय चुकीचं सांगितलं, मला मधे बोलावं लागलं. कागदांची यादी एकदम न देता तुकड्या तुकड्यात दिली त्यामुळे माझ्या दोन सुट्ट्या गेल्या. आणि बोलणं रोखठोक आहे, पहिल्याच भेटीत ताईला म्हणाल्या की मुलगा वर्षभर काय करत होता ते तुम्हाला माहीत नसेल तर मला कसं माहीत असणार, ते त्या दिवशी नको होतं. पण एक पैसा मागितला नाही, आणि मंडळाने विचारलेल्या एकाही प्रश्नाला त्या गडबडल्या नाहीत.

त्या मित्राचं सांगायचं राहिलं. वयात फरक काही महिन्यांचाच, पण त्याच्यासाठी सगळं वेगळं. त्याचा खटला वेगळा चालतोय, कारण मूल आणि सज्ञान यांना एकत्र चालवता येत नाही. मुंबई हायकोर्टाने २०२० मध्ये धरलंय की एनडीपीएसचे गुन्हे अजामीनपात्र आहेत, अगदी अल्प मात्रा असली तरी, त्यामुळे त्याला जामीन कोर्टातूनच घ्यावा लागला आणि तोवर पाच दिवस आत. त्याला दोषसिद्धी झाली आणि पुढे कधी परत सापडला तर ते कलम ३१ त्याला खरंच लागू शकतं.

त्याची आई मागच्या आठवड्यात माझ्याकडे आली होती, दारातच उभी राहिली, आत येईना. ताईने तिच्या मुलाचं नाव घेतलं नाही हे तिला कुठूनतरी कळलं होतं. तिने वकिलांसाठी दागिने गहाण ठेवलेत. मी तिला सांगितलं की कोठडीत असलेल्या माणसाला पण उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तर ती म्हणाली त्या पाच दिवसात हे कुणीच सांगितलं नाही हो भाऊ. मग आम्ही दोघांनी बसून १५१०० ला फोन लावला, आता तो बाहेर आहे म्हणून उत्पन्नाची मर्यादा बघतील म्हणाले, दाखला काढायला सांगितलाय. आणि भाच्याने आतून त्याच्या ओपीडीचा कागद आणून तिला दिला, त्यावर केंद्राचा पत्ता आणि डॉक्टरांचे वार लिहिलेले आहेत, मंगळवार आणि शुक्रवार.